कटगुणचे गोऱ्हे पुण्याचे फुले कसे झाले?

(गोरेगाव येथील सभेत आम्ही केलेले भाषण. ज्यांना सभेस येता आले नाही त्यांच्या आग्रहावरून ते येथे छापीत आहोत.)



आपण आम्हांस येथे बोलाविलेत याबद्दल आभार मानण्यात वेळ न दवडिता आम्ही एकदम विषयाला हात घालतो. प्रारंभी आपणांस दोन प्रश्न विचारावयाचे आहेत. पहिला असा, की या मंडपात जे बसले आहेत त्यांपैकी गोरेगावचे पिढीजाद रहिवासी किती? दहापाच हात वर झालेले दिसतात. बाकी आपण सारे बाहेरून आलेले. कोणी सातारा-सांगलीचे, कोणी रत्नागिरीचे, कोणी सावंतवाडीकडचे, कोणी खानदेशातले, कोणी मराठवाड्यातले. दुसरा प्रश्न असा, की आपल्या पणजोबांचे नाव आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? आणि पणजीचे? आता मंडपात शांतता पसरली. या शांततेविषयीच आज आम्हांस बोलावयाचे आहे.

आपण हसाल म्हणून आमच्या घरचीच गोष्ट आधी सांगून टाकतो. आमच्या वडिलांस आम्ही एकदा विचारले, की आपल्या पणजीचे नाव काय? ते बराच वेळ आठवीत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तिला सगळे म्हातारीच म्हणत." जिने सात मुले वाढविली, दुष्काळात घर राखले, तिचे नाव तीन पिढ्यांत पुसले गेले. कोणी शत्रूने पुसले नाही. लिहून ठेवणारा कोणी नव्हता एवढेच.

उलट पक्षी, ज्या समाजाच्या हाती पिढ्यानपिढ्या लेखणी होती त्यांच्याकडे पाहा. त्यांच्यातील कित्येक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून काढले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोठून कोठे गेला, त्याला मुलगे किती, सारे त्यांत नोंदलेले आहे. त्यांचा हा उद्योग स्तुत्यच आहे, त्याबद्दल आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. आमचे दुःख निराळे आहे. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. त्या दप्तरात कुणब्याचे, माळ्याचे, धनगराचे, महाराचे नाव केव्हा येई? सारा थकला म्हणजे येई, कर्ज काढले म्हणजे येई, वेठीला धरावयाचे असले म्हणजे येई. आपल्या पूर्वजांचा इतिहास कागदावर मुळीच नाही असे नाही. पण जो आहे तो देणेकऱ्याचा इतिहास आहे, माणसाचा नव्हे.

आता थोडा वेळ आम्ही आपणांस समुद्रापलीकडे नेणार आहोत. फ्रान्स देशात ह्युगेनॉट नावाचा एक पंथ होता. राजा आणि बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक, तर हे लोक सुधारक मताचे, प्रॉटेस्टंट. देव आणि भक्त यांच्यामध्ये पोपाची दलाली नको, धर्मग्रंथ प्रत्येकाने आपल्या भाषेत स्वतः वाचावा, असे त्यांचे म्हणणे. सत्यशोधकांना हे म्हणणे परके वाटू नये. या मतापायी १५७२ साली सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिस शहरात त्यांची मोठी कत्तल झाली. पुढे १५९८ साली चौथ्या हेन्री राजाने नँट येथे जाहीरनामा काढून त्यांस उपासनेची मोकळीक दिली. ती मोकळीक सत्त्याऐंशी वर्षे कशीबशी टिकली. १६८५ साली चौदाव्या लुईने तो जाहीरनामा रद्द केला. प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम झाला. धर्मोपदेशकांस पंधरा दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. सामान्य लोकांस मात्र देश सोडण्याचीही बंदी. पळताना सापडलेल्या पुरुषाच्या नशिबी राजाच्या गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा. इतके असूनही सुमारे दोन लाख माणसे रात्रीबेरात्री, डोंगरातून, पिंपांत दडून, होड्यांतून निसटली आणि हॉलंड, इंग्लंड, जर्मनी, थेट आफ्रिकेच्या टोकापर्यंत जाऊन पोहोचली.

त्यांतील एका घराण्याची हकीकत ऐका. ऑगस्टिन कोर्टॉल्ड नावाचा गृहस्थ फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील ओलेरॉन बेटावरून निघून लंडनला आला. तो दारूचा व्यापारी. त्याच्या मुलाने चांदीच्या भांड्यांचे काम शिकून घेतले आणि पुढे दोन-तीन पिढ्या हे घराणे चांदीकाम करीत राहिले. नंतरच्या पिढीतील एकजण स्पिटलफील्ड्स या ह्युगेनॉट विणकरांच्या वस्तीत रेशमाच्या धंद्यात शिरला. त्याच्या मुलाने इसेक्स परगण्यात गिरण्या काढल्या आणि सुतकात वापरावयाच्या काळ्या रेशमी कापडावर अमाप पैसा मिळविला. १९०४ साली त्यांच्या कंपनीने कृत्रिम रेशीम काढण्याची कृती विकत घेतली. शेवटी १९३२ साली त्याच घराण्यातील सॅम्युएल कोर्टॉल्ड याच्या देणगीतून लंडनमध्ये चित्रकलेच्या अभ्यासाची मोठी संस्था उभी राहिली. दारू, चांदी, रेशीम, सुतकाचे कापड, कृत्रिम रेशीम आणि अखेर विद्या, अशी ही अडीचशे वर्षांची वाट. आणि ही वाट आपणांस इतकी नीट सांगता येते, कारण त्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांतून जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी होत असत आणि पुढे १८८५ साली त्यांच्या वंशजांनी त्या नोंदी शोधून छापण्याकरिता लंडनमध्ये एक मंडळच स्थापिले.

आपण म्हणाल, साहेबाच्या घराण्याशी आम्हांस काय करावयाचे? म्हणून आता घरी येतो. असेच एक घराणे आपल्या महाराष्ट्रात झाले. त्याची वाट सातारा जिल्ह्यात निघाली, पुरंदरातून गेली आणि पुण्यात येऊन पोहोचली. तेही जुलमामुळेच घराबाहेर पडले. त्यानेही दर पिढीला धंदा बदलला. आणि शेवटी त्यानेही विद्या दिली. ते घराणे म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे.

फुले हे त्या घराण्याचे मूळ आडनाव नव्हे. मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. जोतीरावांचे पणजोबा कटगुणचे चौगुले होते. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा गावकामगार. काम पुष्कळ, मान थोडा आणि हिशेबाचे कागद दुसऱ्याच्या हाती. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे बिनसले. चरित्रकार लिहितात की, त्याचा छळ असह्य होऊन चौगुल्याने रागाच्या भरात त्याचा प्राण घेतला आणि तो कुटुंबासह गाव सोडून गेला. या खुनाची आम्ही तरफदारी करीत नाही. खून तो खूनच. पण ज्या गावात रयतेच्या माणसाला दाद मागण्यास चावडीखेरीज जागा नाही, आणि चावडीवर ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची तोच लेखणी घेऊन बसला आहे, त्या गावात असेच प्रकार घडावयाचे. ह्युगेनॉटांना धर्मावरून पळावे लागले, गोऱ्ह्यांना दप्तरावरून. एकाकडे राजाचा हुकूम, दुसरीकडे कुलकर्ण्याची खतावणी. जुलमाचे कागद निराळे, पळणाऱ्याचे पाय सारखेच.

गोऱ्हे पुरंदर तालुक्यातील खानवडीस येऊन राहिले. तेथे मोलमजुरी, शेती करून दिवस काढले. त्यांचा मुलगा शेटिबा. त्याच्या हातून संसार सावरला नाही, कर्ज झाले आणि तो पुण्यास आला. नीट ध्यानात घ्या, की हे दुसरे स्थलांतर पहिल्यासारखे भीतीचे नव्हे, दारिद्र्याचे आहे. आपणांपैकी बहुतेकांचे बापजादे मुंबईस आले ते याच जातीच्या स्थलांतराने. शेटिबाला राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन मुलगे. त्यांनी आधी शेळ्या वळल्या, मग एका फुलवाल्याकडे कामास राहून हार, गजरे, फुलांच्या गाद्या करण्याची कला शिकून घेतली. हातात कसब आले आणि नशीब पालटले. त्यांचे काम पेशव्यांच्या वाड्यापर्यंत पोहोचले आणि खूष होऊन पेशव्यांनी त्यांस पस्तीस एकर जमीन इनाम दिली. लोक गोऱ्हे विसरले आणि त्यांस फुले म्हणू लागले. आडनाव फुलांवरून पडले म्हणजेच धंद्यावरून पडले, म्हणजे शेवटी कष्टावरून पडले. यापरते खरे आडनाव कोणते?

पण येथेच या घराण्याची पहिली परीक्षा झाली आणि त्यात ते उतरले नाही. थोरल्या राणोजीने ती सारी इनाम जमीन आपल्याकडे ठेविली आणि धाकट्या भावांस बाहेर काढले. ज्यांच्या आज्याला कागदवाल्याने गाव सोडावयास लाविले, त्यांच्यातच एकजण कागदाचा धनी होताच भावांचा कुलकर्णी बनला! ही गोष्ट झाकू नये. आपल्या घराण्याची हकीकत लिहावयाची तर हे पानही लिहावे लागेल.

धाकटे गोविंदराव खचले नाहीत. त्यांनी फुलांचा आणि भाजीचा धंदा पुन्हा उभा केला. झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी त्यांचे लग्न झाले. राजाराम आणि जोती असे दोन मुलगे झाले. जोतीचा जन्म १८२७ सालचा. जोती जेमतेम वर्षाचा असता चिमणाबाई वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने त्यास आईच्या मायेने वाढविले. मराठी शाळेत थोडे शिक्षण होते न होते तोच एका कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले, की माळ्याच्या पोराला शाळा कशाला? मुलगा शाळेतून निघाला आणि हातात खुरपे आले. येथे गाडे अडावयाचे, पण शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. एका मुसलमानाने आणि एका ख्रिस्ती माणसाने ज्याचा हात धरिला त्याने पुढे साऱ्या महाराष्ट्राचा हात धरिला. परक्या शहरात शेजारी म्हणजे काय, हे गोरेगावच्या चाळींत वाढलेल्यांस आम्ही निराळे सांगावयास नको.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. १८४८ साली पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या नेवसे पाटलांची लेक सावित्रीबाई तेथे शिकवू लागली. लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणिले आणि १८४९ साली बापाने मुलासुनेस घराबाहेर काढिले. हे त्या घराण्याचे तिसरे निर्वासन. कटगुण सुटले ते कुलकर्ण्यामुळे, खानवडी सुटली ती कर्जामुळे आणि बापाचे घर सुटले ते शाळेमुळे. या वेळी उस्मान शेख यांनी त्यांस आसरा दिला. बंधूंनो, पहिले दोन वेळा हे घराणे पळाले. तिसऱ्या वेळी ते पळाले नाही. पुण्यातच राहिले आणि शाळाही चालू ठेविली. आमच्या मते गोऱ्ह्यांचे स्थलांतर येथे संपले आणि फुल्यांचे घराणे येथे खरे वसले. जमीन मिळाली त्या दिवशी माणूस वसत नाही. अन्यायापुढे ज्या दिवशी तो जागा सोडीत नाही, त्या दिवशी वसतो.

धंद्याच्या बाबतीतही जोतीराव बापाच्या पुढे गेले. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविला. तेथे मजुरांची आणि कालव्याच्या पाण्याची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणूनच १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांची लेखणी अडखळली नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बांधवांस खुला केला. १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या नवराबायकोने दत्तक घेतला. तोच यशवंत. ज्या घराण्याचा मूळ पुरुष ब्राह्मण कुलकर्ण्याशी झालेल्या हाडवैरामुळे परागंदा झाला, त्याच घराण्याने चौथ्या पिढीत ब्राह्मण विधवेच्या पोराला आपले नाव दिले. सूड उगवावयाचा तर तो असा उगवावा. आमचे भांडण भटशाहीशी आहे, कोणा आईच्या लेकराशी नाही, हे जोतीरावांनी व्याख्यान देऊन नव्हे तर घर देऊन सांगितले.

१८९० साली जोतीराव वारले. दत्तक मुलाने अंत्ययात्रेत टिटवे धरू नये म्हणून भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा त्याने दवाखाना घातला. तेथे सावित्रीबाई आजाऱ्यांना आणीत असत आणि त्याच सेवेत १० मार्च रोजी त्यांचे प्राण गेले. चौगुला, मजूर, शेळ्या वळणारा, फुलवाला, कंत्राटदार, शिक्षिका, डॉक्टर, ही या घराण्याची वाट. कोर्टॉल्डांच्या वाटेपुढे ती तसूभरही कमी नाही. फरक इतकाच, की ह्युगेनॉट पळाले तेव्हा ब्रँडेनबुर्गच्या अधिपतीने त्याच वर्षी पॉट्सडॅम येथून जाहीरनामा काढून त्यांस घरे, जमिनी आणि करांची सूट देऊ केली. गोऱ्ह्यांस असे आमंत्रण कोणी धाडले नाही. त्यांच्या पाठीशी ना राजा, ना पंथ, ना नोंदवही.

आता कोणी म्हणेल, जोतीराव एक. सारी घराणी अशी कोठून असणार? खरे आहे. पण जोतीरावांचे सहकारी पाहा. गिरणीकामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे आणि त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. म्हणजे तेही स्थलांतरिताचेच पोर. आधी नोकरी, मग मांडवीच्या गिरणीत भांडारपाल आणि तेथून 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा काढली आणि १८९० साली गिरणीमजुरांस रविवारची सुटी मिळवून दिली. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार ही मुंबईच्या सत्यशोधकांतील मंडळी तेलंगणाकडून आलेल्या तेलुगू समाजातली. १८८८ साली मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण झाली, ती याच मुंबईत. मुंबईचा बहुजनसमाज उपऱ्यांनी बनला आणि त्याच उपऱ्यांनी सत्यशोधक समाज मुंबईत उभा केला. ही आपली कुळकथा आहे.

आता एक कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ह्युगेनॉटांची एक तुकडी १६८८ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या वसाहतीत उतरली. डच कंपनीने त्यांस जमिनी दिल्या. त्यांनी द्राक्षमळे केले, डच शेतकऱ्यांत लग्ने करून मिसळून गेले. आणि त्या मळ्यांत राबविले कोणास? गुलामांस. छळामुळे पळून आलेल्यांची नातवंडे गुलामांची धनी झाली. पुढे १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्या हाती सत्ता आली आणि ज्यांनी वर्णभेदाला कायद्याची चौकट घातली, ते मलान हेही ह्युगेनॉट वंशाचेच. ज्यांच्या पूर्वजांस त्यांच्या विश्वासामुळे देश नाकारला गेला त्यांच्याच वंशजाने लक्षावधी माणसांस कातडीच्या रंगावरून त्यांच्याच देशात परके केले. ज्या सालात हे राज्य आले त्याच्या पंचाहत्तर वर्षे आधी, १८७३ साली, आमच्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील नीग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले होते. एकाने छळाची आठवण विसरून छळ चालविला, दुसऱ्याने आठवण ठेवून जगाशी नाते जोडले. म्हणून आम्ही म्हणतो, घराण्याचा इतिहास लिहिणे ही हौस नव्हे. आपण कोठून आलो हे जो विसरला तो कोठे जाईल याचा भरवसा नाही.

आता या गोरेगावाकडे पाहा. पहाडी-गोरेगाव हे जोडनाव आजही जमिनीच्या कागदांवर आहे. ही साष्टीची जमीन. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली, १७३७ साली मराठ्यांनी घेतली, १७७४ साली इंग्रजांनी. प्रत्येक राज्यात कर निराळा आणि धर्माचा दाबही निराळा. तरी भात पिकविणारे हात तेच. येथले कोळी, कुणबी, भंडारी, आणि त्यांतलेच जे ख्रिस्ती होऊन १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवू लागले ते, ही येथली जुनी माणसे. आणि पलीकडे आरेच्या रानात वारली. सरकारी दुग्धवसाहत १९४९ साली तेथे उभी राहू लागली, पाडे त्याच्याही आधीचे. तरी त्यांच्याकडे कागद मागितला जातो. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात रात्रीच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांवर झाडे पडली, तेव्हा कुऱ्हाडीने त्यांना विचारले नाही की या झाडाखाली तुमचा वाघोबा आहे काय. कटगुणच्या चौगुल्यास जो प्रश्न छळीत होता तोच आज पाड्यावर उभा आहे. कागद कोणाच्या हाती?

आणि आपण? गेल्या शतकात या बाजूला मोतीलाल नगर वसले, दिंडोशीकडे मृणालताई गोरे यांच्या चळवळीतून नागरी निवाऱ्याची घरे झाली, पाण्याच्या मोर्चांनी त्यांस पाणीवाली बाई हे नाव दिले. आपल्या आयांनी त्या मोर्चांत हंडे वाजविले. त्या वेळी आपण उपरे होतो, आपल्या चाळीला नळ नव्हता, आपल्या नावापुढे पत्ता नव्हता. आज पत्ता आहे, नळ आहे, आणि नवा मजूर दाराशी आला की आपल्याच तोंडून निघते, "हे कुठले कोण आले?" बंधूंनो, राणोजी असाच होतो. पस्तीस एकर मिळावी लागतात असे नाही, दीडशे चौरस फूट मिळाले तरी पुरे.

म्हणून आमची आपणांस विनंती आहे. प्रत्येक घराने एक वही करावी. फार थोरपणाची नको, शाळेतली चालेल. तिच्या पहिल्या पानावर मूळ गावाचे नाव, तालुका, जिल्हा. मग कोण निघाले, कोणत्या साली, आणि का. का याचे उत्तर सरळ लिहावे. कर्ज असेल तर कर्ज, दुष्काळ असेल तर दुष्काळ, जातीचा छळ असेल तर छळ, भावाने जमीन दाबली असेल तर तेही. साल आठवत नसेल तर म्हाताऱ्या माणसांस खुणेने विचारावे. १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? १९८२ च्या गिरणीसंपाआधी की नंतर? अशा खुणांवरून साल सापडते. शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा, जुने फेरफार, गिरणीचा पास, रेशनकार्ड, जे सापडेल त्यावरून ताडून पाहावे. जत्रेला कोणत्या देवाला जातो, लग्नात कोणते देवक, हे लिहावे. ते श्रद्धेसाठी नव्हे, तो मूळ ठिकाणाचा माग आहे म्हणून. तेलुगू, कानडी, गुजराती, उर्दू, ज्या भाषेत घर बोलते त्या भाषेत लिहावे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, बायकांची नावे गाळू नयेत. सून कोणत्या गावची, लेक कोठे दिली, हे लिहिलेच पाहिजे. घराणे पुरुषाच्या नावाने चालते पण बाईच्या पायाने स्थलांतर करते. प्रत्येक सून ही एका गावातून दुसऱ्या गावात आलेली निर्वासितच आहे. चिमणाबाई, सगुणाबाई आणि सावित्रीबाई यांना वगळून फुले घराण्याचा इतिहास सांगून पाहा, काय उरते! दुसरे पथ्य, खोटे थोरपण चिकटवू नये. आमच्यातील काहींना लिहावयास बसले की एकदम एखादा रजपूत राणा किंवा चक्रवर्ती राजा पूर्वज म्हणून आठवतो. भाटाला पाच रुपये दिले की तो सूर्यवंश चंद्रवंश आणून देतो. हा तर भटशाहीचाच रोग. कुळाच्या उंचीवर माणसाची उंची मोजण्याचा. जोतीरावांनी आपला पणजोबा चौगुला होता हे लपविले नाही आणि आपल्याला कोणा राण्याचे पोर केले नाही. शेळ्या वळणारा आजा ज्याला लाजिरवाणा वाटत नाही, तोच खरा सत्यशोधक.

इतके बोलून आम्ही थांबतो. घरी गेल्यावर आज रात्रीच आपल्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, तुमच्या आईचे नाव काय? उद्या विचारू म्हणू नका. ते माणूस गेले की ते नावही जाईल, आणि मग त्या नावाच्या जागी 'म्हातारी' एवढेच उरेल. ते नाव वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा. आमची वही आम्ही सुरू केली आहे. पहिली ओळ मोकळीच ठेवावी लागली, हे आपणांस सांगताना आम्हांस संकोच वाटतो. आपली तशी राहू नये.

सत्यमेव जयते.